बिलावरचा लाल शेरा

“साखळी नवी हाय म्हणतोस, मग हिच्या अंगातनं गंज कुठनं निघाला रं?”

“लोखंड हाय सायब. गंजायचंच की.”

“चार दिसांत? फाल्गुनाच्या उन्हात? मर्दा, वरनं रंग मारलास म्हणून आतली झीज जाती व्हय? शिडी लावून वर चढलोतो म्या. एकेक कडी हातात धरून बघितली. अकरा कड्या झिजल्यात, आन् एकीला चीर हाय. ह्यो बघ, नखात तुझा रंग हाय अजून.”

“फायनान्सच्या सायबानं शिडीवर कशाला चढायचं म्हणतो मी? कंपनीनं खुर्ची दिलीया, पंखा दिलाय. बसावं, सही मारावी, च्या प्यावा.”

“खुर्ची दिली म्हणून डोळं काढून घेतल्यात व्हय माझं?”

“दाजींनी बिल द्या म्हणून सांगितलंय.”

“मग दाजींची सही घे जा. माझी मिळायची न्हाय.”

सयाजीनं बिल उचललं नाही. दोन्ही हात टेबलावर टेकून तो वाकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, “मंगळवार पेठंत भाड्यानं ऱ्हातासा न्हवं तुमी? आमच्या तालमीपास्नं चौथं दार. वहिनी सकाळी नळावर येत्यात. शेवाळ लई झालंय तिथं. पाय घसरंल एकाद्या दिशी, म्हणून सांगालोय.”

चन्नाप्पा तेरणींच्या हाताशी कागदाला भोकं पाडायचं लोखंडी यंत्र होतं. ते सयाजीच्या कानाजवळून गेलं आणि दाराच्या चौकटीची ढलपी काढून खाली पडलं. बाहेर टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. सयाजीनं कान चोळला, हसला आणि गेला. तेरणींनी लाल शाईचं पेन काढून बिलावर आडवं लिहिलं, ‘माल जुना व सदोष. पैसे देऊ नयेत.’ खाली सही, सहीखाली तारीख. बिल फायलीत गेलं आणि तेरणी पुढच्या बिलाकडं वळले.

इथंच त्यांचं चुकलं. पण ते कळायला अकरा दिवस लागले, आणि एक माणूस लागला.

साल ब्याऐंशीचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सासणे कास्टिंग्ज लिमिटेड ही ओतकामाची कंपनी. पंपांची, इंजिनांची बिडाची अंगं तिथं ओतली जात. चारशे माणूस कामाला. मालक गणपतराव सासणे, आणि सयाजी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. साखळ्या, पट्टे, दोर पुरवायचा ठेका त्याला दिलेला होता. पुरवठा कमी आणि तालीम जास्त, असा तो ठेका. तेरणी कंपनीचे फायनान्स एक्झिक्युटिव्ह. तशी पितळी पाटी दारावर होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. कामगार त्यांना हवाईसायब म्हणत, कारण पंधरा वर्षं त्यांनी विमानदलात काढली होती.

माणूस गडहिंग्लजकडचा, हलकर्णीचा. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि मार दोन्ही भाषांत. बाप बसाप्पा शेंगांचा घाणा चालवायचा. बैल थांबला तर बैलाला आसूड, आणि बैल का थांबला म्हणून पोराला तोच आसूड. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी चन्नाप्पानं आसूड बापाच्या हातातनं काढून घेतला, गुडघ्यावर मोडला आणि बेळगावची गाडी धरली. साठ साली विमानदलात भरती झाला. विमानाचा सांगाडा जोडणारा फिटर.

तिथं दोन गोष्टी त्याच्या हाडात शिरल्या. एक म्हणजे हत्यारांची फळी. प्रत्येक पान्याचं, प्रत्येक हातोडीचं चित्र फळीवर रंगवलेलं असायचं. काम संपलं की हत्यार आपल्या चित्रावर टांगायचं. एक चित्र जरी उघडं राहिलं तरी विमान जागचं हलायचं नाही, मग कुणी का बोंबलेना. दुसरी म्हणजे विमानाची वही. प्रत्येक विमानाला स्वतःची वही. तपासणाऱ्यानं त्यात सही करायची, आणि खोट दिसली तर लाल शाईनं लिहायचं. लाल अक्षर पडलं की ते विमान जमिनीला खिळलं. मग वैमानिक कितीही मोठा असो, त्याला बसता यायचं नाही.

पासष्टच्या लढाईत पश्चिमेकडच्या एका तळावर चन्नाप्पा होता. तेवीस वर्षांचा. दुपारी दोनला एका जेटच्या पोटात शिरून त्यानं सुकाणूच्या दांड्या घट्ट केल्या. बाहेर आला, हत्यारं टांगली, तर फळीवर अर्ध्या इंची पान्याचं चित्र उघडं. तो परत पोटात शिरणार, एवढ्यात भोंगा वाजला. पाठोपाठ शत्रूची दोन विमानं डोक्यावर आली. पहिल्या फेरीतच तेलाचा ट्रक उडाला आणि ट्रकवरचा माणूस दोन ठिकाणी पडला. सार्जंट खंदकातनं ओरडत होता, विमान सोडा, वर जाऊ द्या. वैमानिक पळत आला. वयानं चन्नाप्पाएवढाच, मिशी नुकती फुटलेली. त्यानं वही पुढं केली. चन्नाप्पानं एकदा फळीकडं बघितलं, आणि सही केली.

विमानानं धाव घेतली, ते उचललं गेलं, आणि धावपट्टीच्या टोकाशी एका कुशीवर कलंडून शेजारच्या बाजरीत शिरून पेटलं. चन्नाप्पा पळाला. काच फोडली. पट्टे तोडले. वैमानिकाला दंडाला धरून ओढला, तर दंड जागच्या जागी राहिला आणि कातडं हातमोजा काढावा तसं त्याच्या हातात आलं. तो पोरगा दोन तास जगला. चौकशी झाली, आणि इंजिनाला गोळी लागली असावी असा निकाल लागला. पान्याबद्दल कुणी विचारलं नाही. राखेत पाना सापडला नाही, फळीवरही आला नाही. त्या पान्यानंच विमान पाडलं की आणखी कशानं, हे चन्नाप्पाला कधीच कळलं नाही. न कळणं जास्त वाईट होतं.

त्यानंतर त्यानं ठरवलं की आपल्याला असलं काम पाहिजे, जिथं चुकलं तर माणूस जळत नाही. आकडा चुकला तर खोडता येतो. दिवसा विमानं आणि संध्याकाळी बरॅकीत पुस्तकं, असं करत त्यानं बाहेरून बी.कॉम. काढलं. टपालानं धडे मागवून कॉस्टिंगची परीक्षा दिली, दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. पंच्याहत्तर साली पेन्शन घेऊन कोल्हापूरला आला. सासण्यांच्या कंपनीत बिलं तपासायला बसला आणि पहिल्याच महिन्यात कोळशाच्या ट्रकवर चढला. वर कोळसा, खाली माती. ठेकेदारानं कानशिलात दिली, चन्नाप्पानं फावड्याच्या दांड्यानं त्याचा गुडघा फोडला. गणपतरावांना हा माणूस आवडला. स्वतः बघितल्याशिवाय बिलाला सही नाही, हा त्याचा नेम. एकोणऐंशीत कंपनीचे शेअर बाजारात आले, तेव्हा बँकेनं मोठं कर्ज देताना अट घातली की प्रत्येक चेकवर दोन सह्या पाहिजेत, मालकाची आणि तेरणींची. मालकाची नुसती चालणार नाही.

तर असा हा माणूस. आणि त्यानं लाल शेरा मारला तो बिलावर. साखळी मात्र त्याआधीच क्रेनवर चढली होती, आणि चढलेलीच राहिली.

मंगळवारी अकराच्या सुमाराला ओतकाम चालू होतं. वितळलेलं लोखंड नेणाऱ्या जाड बादलीला लॅडल म्हणतात. अर्ध्या टनाचं लॅडल साखळीला लटकवून क्रेन साच्यांवरनं नेत होती. वर केबिनमध्ये शिवय्या होता, तेरणींच्याच मुलखातला, गळ्यात लिंग, दारूच्या थेंबाला न शिवणारा. खाली साच्याजवळ आकाराम उभा होता, सळईनं लोखंडावरची मळी बाजूला करायला.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. लॅडल खाली आलं आणि आडवं झालं. पिवळं धमक लोखंड काळ्या वाळूवरनं पसरत गेलं. वाळू जिथं ओली होती तिथं ते फुटून उडत होतं, आणि उडालेले थेंब पत्र्याच्या छपराला भोकं पाडत होते. दोघांचे केस पेटले, एकाचा डोळा गेला. साच्याशेजारच्या खड्ड्यात आकाराम लोखंडात मांडीपर्यंत होता. पडला नव्हता, उभा होता. पडायला पाय लागतात.

तेरणी जिन्यावरनं चार-चार पायऱ्या टाकत खाली आले. फळी टाकली, फळी पेटली, तिच्यावरनं जाऊन त्यांनी आकारामला बगलेत धरलं आणि मागं ओढलं. हातात कातडं आलं. सतरा वर्षांनी तेच, तसंच, ओलं आणि गरम.

“माझं बूट काढा सायब,” आकाराम म्हणत होता. “लई गरम झाल्यात. बूट तेवढं काढा.”

काढायला बूट नव्हते, आणि ज्या पायांत ते घालायचे तेही नव्हते. थोरल्या दवाखान्यात दुपारी चारला तो मेला.

तेरणी दवाखान्यातनं सरळ कारखान्यात आले. वाळूत हात घालून त्यांनी तुटलेली कडी शोधली. दोन तुकडे झाले होते. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळा होता आणि कडेची पट्टी तेवढी चकचकीत. फिटरला यापुढं सांगायला लागत नाही. चकचकीत तेवढं आज तुटलं. काळं होतं ते कधीच तुटलेलं होतं. ही तीच कडी. तिच्यावर त्यांचं स्वतःचं नख उमटलेलं होतं. त्यांनी तुकडे फडक्यात बांधले आणि घरी नेले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी शिवय्याला उचललं. तो दारू पिऊन क्रेन चालवत होता, अशी तक्रार कंपनीनंच दिली होती. चौकीत त्याला इतका हाणला की त्याच्या लघवीतनं रक्त आलं. गुरुवारी संध्याकाळी गणपतरावांनी तेरणींना आत बोलावलं.

“बसा तेरणी. च्या सांगू?”

“नगो.”

गणपतरावांनी एक कागद पुढं सरकवला. तारीख दोन आठवड्यांमागची होती. साखळी नवीन, समक्ष तपासली, सुस्थितीत आहे. खाली तेरणींच्या सहीपुरती जागा.

“उद्या कारखाना निरीक्षक येणार हाय. तुमची सही दिसली की तो जास्त उकरत न्हाय. इम्याचं पैसंबी सुटतील.”

“आन् शिवय्या?”

“शिवय्याच्या घरी जोंधळ्याचं पोतं पाठवतो म्या दर म्हैन्याला. दोन-तीन वर्सांचा तर सवाल हाय. जोतिबाची आण, त्येच्या पोरांस्नी उपाशी ठेवणार न्हाय.”

“साखळी जुनी हुती. मी लिवून ठेवलंय.”

“तेच म्हणतोय मी,” गणपतराव पुढं वाकले. “तुमाला म्हाईत हुतं. बिल अडीवलासा. क्रेन का न्हाय अडीवलासा? मला इचारायच्या आदी निरीक्षक तुमाला इचारंल. तुमी, अकरा दिस, त्या साखळीखाली माणसं काम करत हुती तवा वर पंख्याखाली बसलासा. मग आकाराम कुणी मारला म्हणायचा? सयाजीनं का तुमी?”

यात खोटं काही नव्हतं.

“दोघंबी सुटूया,” गणपतराव म्हणाले. “सही करा.”

“उद्या सांगतो.”

दिवेलागणीला घरी त्यांची बायको रत्नव्वा भाकरी थापत होती. ताट पुढं होतं आणि तेरणी भाकरीचा पापुद्रा बोटानं नुसता उचलत होते आणि टाकत होते.

“जेवताय का भाकरीची तपासणी करताय री?” नवऱ्याला कानडी आदराचा ‘री’ लावत ती म्हणाली.

तेव्हा त्यांनी तिला पान्याची गोष्ट सांगितली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. ती भाकरी उलटत ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं लक्ष दिलं नाही.

“म्हंजे ह्यो दुसरा,” ती म्हणाली.

“व्हय. दुसरा.”

“मग शिवय्याला तिसरा करू नगा. सही केलासा तर ह्या घरात जेवायला येऊ नगा. न्हाय केलासा तर मार खाशीला, ते औषधपाणी मी बघतो. आता खावा, भांडी घासायची हैत मला.”

तिकडच्या बायका ‘बघतो’च म्हणतात.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ते चालत निघाले. कडीचे तुकडे पिशवीत, डब्याखाली. निरीक्षक अकराला यायचा होता. लाकडाच्या वखारीच्या कोपऱ्यावर सयाजी आणि तालमीतली तिघं उभी होती. एकाच्या हातात सायकलची चेन, एकाकडं हॉकीची काठी, सयाजीकडं हातभर लोखंडी गज.

“पिशवी द्या सायब.”

“डबा हाय त्यात. भूक लागलीया व्हय?”

काठीवाला पुढं आला. तेरणींनी पिशवीतनं कडीचा एक तुकडा काढून डाव्या मुठीत धरला आणि त्याच मुठीनं त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात रस्त्यावर पडले. चेन त्यांच्या मानेभोवती बसली, कान अर्धा फाटला. त्यांनी चेनवाल्याच्या जांघेत गुडघा दिला. तोवर गज पाठीत बसला होता. चाळिशीचा माणूस, चौघांपुढं किती टिकणार? ते पालथे पडले. पडता पडता पिशवीतला दुसरा तुकडाही त्यांनी डाव्या हातात घेतला, मूठ आवळली आणि पोटाखाली घातली. त्यांच्या बरगड्यांवर लाथा बसत राहिल्या. मूठ सुटली नाही.

उजवा हात मात्र रस्त्यावर पसरलेला होता. सयाजीनं तो मनगटाला धरून फुटपाथच्या दगडावर ठेवला.

“ह्योच न्हवं सहीचा हात?”

त्यानं तीनदा गज मारला. पहिल्या दणक्याला हाड वाजलं. तिसऱ्या दणक्याला वाजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“आता कर म्हणावं सही निरीक्षकापुढं.”

पिठाच्या गिरणीवाल्यानं शटर खाली ओढलं होतं. वखारीतली माणसं फळ्या मोजायला लागली होती. कोपऱ्यावर बाळाबाई भाजी विकायची, साठीची बाई. तिनं तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि सयाजीच्या खांद्यात घातलं.

“मुडद्या, ह्येच शिकीवलं व्हय तुझ्या आयनं? चौघं मिळून एका बाप्याला मारतासा, आन् तालमीत दंड घालतासा व्हय रं?”

मग तिनं एक किलोचं उचललं. सयाजी खांदा धरून पळाला, बाकीचे त्याच्यामागं. बाळाबाईनं हातगाडीवरची मेथी खाली लोटली, तेरणींना गाडीवर घातलं आणि स्वतः ढकलत थोरल्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती त्यांनाच शिव्या देत होती, की एवढा शिकलेला माणूस, आणि एकटा कशाला चालला हुतास.

निरीक्षक अकराला कारखान्यात आला. तेरणी साहेब घसरून पडलेत, असं त्याला सांगण्यात आलं. पण बाळाबाईच्या गाडीला रक्त होतं आणि ती गाडी निम्म्या उद्यमनगरानं बघितली होती. दुपारपर्यंत गेटवरच्या केबिनच्या काचा फुटल्या. शनिवार पगाराचा. सकाळी चारशे माणसं दगड घेऊन गेटवर बसली. गणपतरावांनी चेकबुक उघडलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. चेकवर दुसरी सही तेरणींची लागते. आणि बँक शनिवारी बाराला बंद होते.

दहा वाजता गणपतराव दवाखान्यात आले. बरोबर बँकेचा अधिकारी. जीप चालवायला सयाजी, तो वॉर्डच्या दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. खाटेशेजारी स्टुलावर कारखाना निरीक्षक आधीच बसलेला होता, मांडीवर कागद घेऊन. भल्या सकाळी रत्नव्वा विश्रामगृहात जाऊन त्याच्यापुढं उभी राहिली होती. “माझा नवरा घसरला न्हाय. जीभ शाबूत हाय त्येची. ऐकायला या,” एवढंच तिनं सांगितलं होतं.

तेरणींचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, कान शिवलेला, एक डोळा मिटलेला.

“तेरणी, पगाराचा चेक हाय,” गणपतराव म्हणाले. “गेटावर लोक थांबल्यात. कसं करायचं आता? हात तर…”

बँकेचा अधिकारी साधा माणूस होता. त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं. “त्याची अडचण नाही साहेब,” तो म्हणाला. “अंगठा चालतो, आमच्यासमोर घेतला की झालं. आणि पुरुषाचा डावाच अंगठा घेतात. नियमच आहे.”

तेरणींनी उघड्या डोळ्यानं दाराकडं बघितलं.

“ऐकलंस काय रं सयाजी? मोडायच्या आदी बँकेत जाऊन इचारायचं हुतंस.”

शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारा खुदकन हसला.

“पयलं निरीक्षकांचं,” तेरणी म्हणाले. “मग चेक.”

“बाराला बँक बंद होतीया.”

“मग सायबांस्नी भराभर लिवायला सांगा.”

गणपतरावांना बसायला जागा नव्हती. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि त्यांना सगळं ऐकावं लागलं. साखळी कधी आली, कुणी दिली, किती कड्या झिजलेल्या होत्या. मागच्या तारखेचा कागद कुणी पुढं सरकवला. शिवय्या दारू पीत नाही. शुक्रवारी वखारीच्या कोपऱ्यावर कोण कोण होतं. रत्नव्वानं उशीखालनं फडकं काढलं आणि कडीचे दोन तुकडे निरीक्षकाच्या मांडीवर ठेवले. त्यावर वाळलेलं रक्त होतं, थोडं तेरणींचं, थोडं काठीवाल्याचं.

“अजून एक लिवा,” तेरणी म्हणाले. “साखळी वाईट हाय हे मला अकरा दिस आदी म्हाईत हुतं. म्या बिलावर लाल शेरा मारला. क्रेनवर मारला न्हाय. क्रेन थांबवा म्हणून कुणाला सांगितलं न्हाय.”

निरीक्षकानं पेन थांबवलं. “तेरणी, हे तुमच्याविरुद्ध जाईल. नाही लिहिलं तरी चालतंय.”

“एकदा न्हाय लिवलेलं. लिवा.”

निरीक्षकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. रत्नव्वानं त्यांचा डावा हात शाईच्या गादीवर नेला. टपालानं धडे मागवून कॉस्टिंग शिकलेल्या, बॅलन्सशीटवर इंग्रजीत सही करणाऱ्या माणसानं जबाबावर अंगठा उठवला. मग चेकवर. अधिकाऱ्यानं साक्ष घातली. घड्याळात अकरा वीस झाले होते.

गणपतराव दाराशी गेले आणि त्यांनी सयाजीच्या मुस्कटात इतक्या जोरानं भडकावली की तो खाली बसला. ते आकारामसाठी नव्हतं, तेरणींसाठीही नव्हतं. पोलीस संध्याकाळी आले तेव्हा सयाजीचा ओठ सुजलेलाच होता. पगार दोनला वाटला गेला, तरी गेटवर जीप उलटी झालीच.

सयाजीला दीड वर्षाची शिक्षा झाली. कंपनीला दंड झाला. शिवय्या सुटला, पण त्याचं मूत्रपिंड पुढं कायम दुखत राहिलं. तेरणींना लेखी ताकीद मिळाली. गणपतराव त्यांना काढणार होते, पण बँकेनं कळवलं की तेरणी गेले तर कर्जाचा फेरविचार करू. मग ते राहिले. ताकीद त्यांनी टेबलाच्या काचेखाली घातली, समोरच दिसेल अशी.

तेरणी दवाखान्यात असतानाच आकारामची बायको बयाबाई येऊन गेली होती. तिला भरपाई मिळणार, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती खाटेपाशी उभी राहिली, बसली नाही.

“तुमी खरं बोललासा म्हणं,” ती म्हणाली. “बरं केलासा. पर त्या दिशी बिल अडीवलासा तवा जिना उतरून एक हाक मारायची हुती मोल्डिंगात. आमचं माणूस दोन हात लांब उभं ऱ्हायलं असतं.”

तेरणींनी मान हलवली. ती गेली.

जूनमध्ये प्लास्टर निघालं. तीन बोटं वळत नव्हती. पहिल्या दिवशी तेरणी ऑफिसात वर गेलेच नाहीत. नवी साखळी आदल्या दिवशी चढवली होती, दुसऱ्या पुरवठादाराची. त्यांनी पत्र्याची एक लाल पाटी करून आणली होती, तारेचा आकडा लावलेली. ती क्रेनच्या चालू करायच्या दांड्यावर अडकवली, शिडी लावली आणि डाव्या हातानं धरत वर चढले. खालनं शिवय्यानं शिडी धरली.

भट्टी तापलेली होती. साचे तयार होते. साठ माणसं वाळूत उभी राहून वर बघत होती. वरच्या खिडकीतनं गणपतरावांनी डोकं काढलं.

“तेरणी, लोखंड निवायला लागलंय. आन् वर बँकेचं कागद पडल्यात तुमच्यासाठी. किती येळ लागणार हाय?”

“एकेक कडी बघून होईस्तवर.”

“साखळी नवी हाय की अण्णा,” शिवय्या खालनं हळूच म्हणाला. “पेटी मी फोडलीया.”

“शिडी धर गप.”

तेरणींनी पहिली कडी अंगठ्यानं पुसली, उजेडाकडं वळवली, नखानं सगळीकडनं खरवडून बघितली आणि सोडली. मग दुसरी धरली.